मुलांचे पहिले बँक-खाते आणि पहिले कार्ड

ट्रस्टच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी शिक्षणविषयक एखादा लेख द्यावा, असे कार्यकारी मंडळाने आम्हांस सुचविले. शिक्षणावर पुष्कळजण लिहितील, तेव्हा आपण थोडा निराळा विषय घ्यावा असे मनात आले. जून महिन्यात शाळा उघडली, की पालक आम्हांस फाटकाशी गाठतात. पूर्वी ते शिकवणीचा वर्ग कोणता चांगला, असे विचारीत. आता विचारतात, "सर, मुलाचे खाते कुठल्या बँकेत काढू? आणि कार्ड हातात द्यावे की नाही?" रस्त्यात उभ्याउभ्या या प्रश्नाचे उत्तर नीट देता येत नाही. म्हणून ते येथे सविस्तर देत आहोत.

आपण बडोदेकरांनी तरी हा प्रश्न किरकोळ मानू नये. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग करून पाहिला व १९०६ साली तो सर्व राज्याला लागू केला. त्यानंतर दोनच वर्षांनी, २० जुलै १९०८ रोजी, त्यांच्याच पुढाकाराने बँक ऑफ बडोदा स्थापन झाली. शाळा आणि बँक या दोन्ही गोष्टी प्रजेला एकाच सुमारास मिळाल्या. शाळेत मूल सहाव्या वर्षी जाऊ लागले. बँकेची पायरी मात्र ते नोकरी लागेपर्यंत चढत नसे. आमच्या विद्यार्थिदशेत अनेक शाळांतून 'संचयिका' असे. वर्गातलाच एखादा मुलगा खजिनदार होई, रुपया-दोन रुपये वहीत मांडले जात, आणि सहामाहीला हिशेब जुळला नाही की मोठी धांदल उडे. त्या धांदलीतून आम्ही जे शिकलो, ते बेरीज-वजाबाकीच्या तासाला शिकलो नाही. आता संचयिका दिसत नाहीत. ते काम घराने करावयाचे आहे.

प्रथम कायदा पाहू. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील व्यक्तीस करार करता येत नाही. कायद्याच्या मराठीत अशा मुलास 'अज्ञान' म्हणतात. महाराष्ट्रातील जुन्या सातबाऱ्यांवर 'अ. पा. क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता ही अक्षरे अनेकांनी पाहिली असतील. शब्द आम्हांस फारसा रुचत नाही, कारण आमच्या वर्गात बसणारी बारा वर्षांची मुले पुष्कळ गोष्टींत आमच्याहून सज्ञान असतात. असो. बँक अज्ञानास कर्ज देऊ शकत नाही, त्याचे खाते उणे होऊ देऊ शकत नाही. परंतु त्याचे पैसे ठेवून घ्यावयास कोणतीही आडकाठी नाही.

अशी खाती दोन तऱ्हेची असतात. पहिल्या तऱ्हेत खाते मुलाच्या नावाचे, पण सही पालकाची. हे खाते जन्मापासून केव्हाही उघडता येते. दुसऱ्या तऱ्हेत मूल स्वतःच्या सहीने खाते उघडते व चालविते. त्यास दहा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. रिझर्व्ह बँकेने २०१४ साली या दुसऱ्या तऱ्हेच्या खात्यांविषयी सर्व बँकांसाठी सूचना काढल्या, आणि एप्रिल २०२५ मध्ये त्या नव्याने मांडल्या. त्यांप्रमाणे रकमेची मर्यादा किती ठेवावी, कार्ड, चेकबुक किंवा नेटबँकिंग द्यावे की नाही, हे प्रत्येक बँक आपल्या धोरणाप्रमाणे ठरविते. म्हणूनच एका बँकेत शेजाऱ्याच्या मुलाला कार्ड मिळाले आणि दुसरीत आपल्याला नकार मिळाला, तर त्यात नियमभंग झाला असे समजू नये. स्टेट बँकेच्या 'पहला कदम' आणि 'पहली उडान' या दोन योजना म्हणजे या दोन तऱ्हांचेच नमुने होत. पहिली कोणत्याही वयाच्या मुलासाठी, पालकाबरोबर. दुसरी दहा वर्षांवरच्या, एकसारखी सही करू शकणाऱ्या मुलासाठी. बँक ऑफ बडोद्याचे 'बरोडा चॅम्प' खातेही अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. मर्यादा व आकार अधूनमधून बदलतात, तेव्हा शाखेत जाऊन त्या दिवशीचे नियम विचारावेत.

येथे एका गोष्टीवर थोडे थांबावे लागेल, कारण तिचा त्रास आमच्या घरी झाला आहे. आमची थोरली सहा वर्षांची असताना मुलांची अम्मी तिचे खाते उघडण्यास एका बँकेत गेली. आम्ही त्या दिवशी परीक्षेच्या कामात अडकलो होतो. खिडकीवरच्या गृहस्थांनी कागद परत केले व सांगितले, की पालक म्हणून बापाचीच सही लागेल, आईची चालणार नाही. ती निमूट परत आली. दोन दिवसांनी आम्ही जाऊन सही केली व खाते उघडले. काम झाले म्हणून आम्ही तो विषय मनातून काढून टाकला. तिने मात्र काढला नाही. "उद्या तुम्हीच नसलात तर?" एवढेच ती म्हणाली.

त्यानंतर आम्ही चौकशी केली, तेव्हा कळले की तो नकार चुकीचा होता. आमच्या समाजाला लागू असणाऱ्या कायद्यात मुलाच्या मालमत्तेचा पालक बाप व त्याच्यामागे आजोबा, हे खरे. हिंदू समाजाच्या १९५६ च्या कायद्यातही बाप व 'त्याच्यानंतर' आई, असे शब्द आहेत. लेखिका गीता हरिहरन यांनी आपल्या मुलाच्या नावे रोखे घेण्यासाठी १९८४ साली अर्ज केला, तेव्हा रिझर्व्ह बँकेनेच बापाची सही मागितली होती. तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १७ फेब्रुवारी १९९९ रोजी न्यायालयाने सांगितले, की 'त्याच्यानंतर' याचा अर्थ केवळ बापाच्या मृत्यूनंतर असा घ्यावयाचा नाही. बाप कोणत्याही कारणाने मुलाची काळजी वाहत नसेल तेव्हाही आई पालक असते. परंतु साध्या बँक-खात्यासाठी एवढ्या लांब जाण्याचे कारणच नव्हते. खाते उणे होऊ न देण्याची काळजी घेऊन आईला पालक मानून मुलाचे खाते उघडावे, असे रिझर्व्ह बँकेने १९७६ सालीच बँकांना कळविले होते, आणि २०२५ च्या सूचनांतही आईचा उल्लेख स्पष्ट आहे. हा नियम कोणत्याही एका धर्मापुरता नाही. आपल्या वस्तीतील ज्या भगिनी एकट्याने मुले वाढवीत आहेत, किंवा ज्यांचे यजमान परगावी नोकरीस आहेत, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. खिडकीवर नकार मिळाला तर वाद न घालता शाखाधिकाऱ्यांना भेटावे व नकार लेखी मागावा. लेखी नकार देताना पुष्कळांना नियम आठवतो.

आता बँक कोणती? आमचे मत असे, की घरापासून किंवा शाळेपासून चालत जाता येईल ती. मुलांच्या खात्यांतील व्याजदरांचा फरक पाहत बसण्यात अर्थ नाही. दोन-तीन हजार रुपयांवर एक टक्का अधिक मिळाला तरी वर्षाकाठी वीस-तीस रुपयांचा प्रश्न. त्यापायी मुलाला रिक्षाने शहराच्या दुसऱ्या टोकाला नेणे हा आतबट्ट्याचा व्यवहार. शाखा जवळ असेल तर मूल स्वतः स्लिप भरील, पासबुकावर नोंद करून आणील, आणि कुणा मोठ्या माणसाशी नम्रपणे पण न घाबरता बोलावयास शिकेल. पोस्टाचे बचत खातेही चांगले. दहा वर्षांवरील मुलास ते स्वतः चालविता येते, पाचशे रुपये शिल्लक ठेवावी लागते, आणि ज्यांना कार्डाची घाई नाही त्यांनी त्याचा अवश्य विचार करावा. मुलीसाठी सुकन्या समृद्धी खाते पुष्कळांनी काढले आहे. ते तिच्या दहा वर्षांपर्यंतच काढता येते. ते उत्तमच, पण ती दीर्घ मुदतीची पुंजी आहे. त्यातून मुलीला व्यवहार शिकता येत नाही.

सुरक्षिततेविषयी मात्र चौकसपणा हवा. २००१ साली अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँक बुडाली, तिचे धक्के गुजरातेतील कितीतरी सहकारी बँकांना बसले. त्या काळी ठेवीवरचा विमा एक लाखापर्यंत होता. ४ फेब्रुवारी २०२० पासून तो पाच लाखांपर्यंत आहे. व्यापारी बँका व नागरी सहकारी बँका यांतील ठेवींना हे संरक्षण असते. पतपेढीला ते नसते, मग तिचे संचालक आपल्या कितीही ओळखीचे असोत. पालकाचे स्वतःचे खाते आणि पालक या नात्याने चालविलेले मुलाचे खाते यांचा विमा वेगवेगळा धरला जातो, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. मोबाइलवरून मुलांसाठी खर्चाचे कार्ड देणाऱ्या काही कंपन्या अलीकडे निघाल्या आहेत. त्यांत आधी पैसे भरून ठेवावे लागतात. ते बँकेचे बचत खाते नव्हे; त्यावर व्याज नाही आणि ठेवीचा विमाही नाही.

कागदपत्रे फार लागत नाहीत. मुलाचा जन्मदाखला व आधार, पालकाचे आधार व पॅन, फोटो. खरी अडचण नावाच्या स्पेलिंगची. आम्ही शाळेत शिष्यवृत्तीचे अर्ज भरतो, त्यात दरवर्षी काही मुलांचे पैसे याच कारणाने अडकतात. शेख हे आडनाव इंग्रजीत निदान तीन तऱ्हांनी लिहिले जाते. जाधव, गायकवाड हीसुद्धा दोन-दोन तऱ्हांनी. त्यातून शाळेच्या दाखल्यावर गुजराती वळणाने आधी आडनाव, आधारवर शेवटी आडनाव, आणि बँकेत बापाचे नाव गाळलेले. खाते उघडण्याआधी जन्मदाखला, आधार व शाळेचे रजिस्टर ही तीन नावे समोरासमोर ठेवून जुळवावीत. नंतर दुरुस्तीस महिने लागतात. तसेच सरकारी मदत आधारमार्फत येत असेल, तर ती आधारशी जोडलेल्या एकाच खात्यात जमा होते, आणि नवे खाते जोडले की जुने सुटते. दुसरे खाते हौसेने काढून तेही आधारला जोडले, आणि मग शिष्यवृत्ती आली कुठे म्हणून शाळेत चौकशीस आले, असे पालक आम्ही पाहिले आहेत.

यापुढचे लिहिताना थोडा संकोच होतो. ईदीचे, मामा-मावशीने दिलेले, नंबर आला म्हणून आजीने हातावर ठेवलेले असे पैसे थोरलीच्या खात्यात साठत गेले होते. एका पावसाळ्यात घराचे छप्पर गळू लागले आणि आम्ही त्यातले सहा हजार रुपये काढले. परत भरू, असे ठरविले होते; राहून गेले. दहाव्या वर्षी तिला पासबुक वाचता येऊ लागले. तिने बोट ठेवून विचारले, "अब्बा, ही रक्कम कुणी काढली?" आम्ही काढली होती, कारण सही आमची होती. पालकाच्या सहीचे खाते असले तरी पैसा मुलाचा असतो व पालक त्याचा केवळ विश्वस्त असतो, हे ट्रस्टच्या सभासदांना आम्ही नव्याने सांगावे असे नाही. पण घरात ते आम्हीच विसरलो होतो. ते पैसे आम्ही चार हप्त्यांत भरले, आणि प्रत्येक हप्त्याची नोंद तिने पासबुकात तपासून घेतली. त्यानंतर तिचे खाते तिच्या स्वतःच्या सहीचे केले. तेव्हापासून आमचा सल्ला असा आहे, की मूल दहा वर्षांचे झाले व सही बसली, की पालकाच्या सहीचे खाते फार काळ चालू ठेवू नये.

कार्डाचा प्रश्न आता येतो. प्रतापनगरच्या वाचकांना आपल्या धाकट्या रेल्वेचा इतिहास ठाऊक आहे. १८६२ साली गायकवाड सरकारने डभोई-मियागाम मार्ग सुरू केला तेव्हा त्यावरून डबे बैल ओढीत. इंजिन पुढच्याच वर्षी आणले होते. परंतु रूळ हलके होते, त्यांना वजन पेलेना. भक्कम रूळ टाकल्यावरच पुढे इंजिने नियमित चालू लागली. मुलाच्या बाबतीतही आम्ही हाच क्रम धरतो. वर्षभर नुसते पासबुक व स्लिप, मग कार्ड, आणि मोबाइलवरून पैसे पाठविणे त्याहून नंतर.

कार्डावर कोणते चित्र आहे याला महत्त्व नाही. मुले मात्र त्यावरच भाळतात. पालकांनी पाहावयाचे ते वर्षाचा आकार, रोजची मर्यादा, आणि ती मर्यादा आपल्याला कमी करता येते की नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या सूचनांमुळे नवे कार्ड मिळते तेव्हा ते देशातल्या एटीएममध्ये व दुकानातील यंत्रात घालून वापरण्यापुरतेच चालू असते. इंटरनेटवरील खरेदी, परदेशातील व्यवहार आणि नुसते टेकवून पैसे देणे या सोयी आपण मागितल्याशिवाय चालू होत नाहीत. मुलाच्या कार्डावर त्या बंदच राहू द्याव्यात. टेकवून देण्याच्या सोयीत पाच हजारांपर्यंत पिनही लागत नाही, हे लक्षात घ्यावे. खात्याला मोबाइल क्रमांक पालकाचा द्यावा, म्हणजे प्रत्येक व्यवहाराचा संदेश घरी येईल. एटीएममधून महिन्याला काही वेळाच फुकट पैसे काढता येतात. आपल्या बँकेच्या यंत्रातून पाच वेळा, बडोद्यासारख्या शहरात दुसऱ्या बँकेच्या यंत्रातून पाच वेळा; त्यापुढे १ मे २०२५ पासून प्रत्येक वेळी तेवीस रुपयांपर्यंत आकार पडू शकतो. शंभर रुपये काढावयाला तेवीस रुपये, हे उदाहरण आम्ही शेकडेवारीच्या तासाला फळ्यावर मांडतो. मुलांना ते लगेच समजते.

आमच्या धाकट्याला बाराव्या वर्षी कार्ड दिले. पिन कुणाला सांगू नये, हे त्याला पाठ होते. त्याने तो कुणाला सांगितला नाही. चिठ्ठीवर लिहून कार्डाच्याच पाकिटात ठेवला. पाकीट बाजारात पडले आणि अर्ध्या तासात दोन हजार रुपये गेले. अधिक गेले नाहीत, कारण रोजची मर्यादा आम्ही तेवढीच ठेवली होती. २०१७ च्या सूचनांप्रमाणे तिसऱ्याच कुणाच्या लबाडीने पैसे गेले व तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर ग्राहकावर बोजा पडत नाही. पण पिन आपल्याच निष्काळजीपणाने बाहेर गेला असेल, तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान आपले. तेव्हा ते दोन हजार त्याचेच गेले. आम्ही ते भरून दिले नाहीत. त्याच्या अम्मीला हे फार कठोर वाटले, आणि अजूनही वाटते. कार्ड हरवले तर आधी बँकेचा क्रमांक लावून ते बंद करावे, फसवणूक असेल तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवावी, आणि रागावणे असेल तर ते मागाहून करावे. बापाच्या रागाला भिऊन मूल दोन दिवस गप्प बसले, तर तेवढ्यात सगळे खाते रिकामे होते.

मोठ्या मुलांच्या बाबतीत याहून गंभीर एक धोका आहे. "तुझ्या खात्यात थोडे पैसे येतील, ते काढून दे, तुला हजार रुपये मिळतील", असे सांगून शाळा-कॉलेजच्या मुलांची खाती भाड्याने घेणाऱ्या टोळ्या देशभर आहेत. फसवणुकीचा पैसा अशा खात्यांतून फिरविला जातो. पोलीस येतात ते खातेदाराच्या घरी. ओळखीच्या मुलानेच विचारले, म्हणून नाही म्हणवले नाही, असे मुले सांगतात. कार्ड, पासबुक किंवा सिम दुसऱ्याच्या हाती द्यावयाचे नाही, हे कार्ड देण्याच्या दिवशीच स्पष्ट सांगून ठेवावे.

व्याजाविषयी आमच्या काही बांधवांच्या मनात प्रश्न असतो. अज्ञानांसाठी बँकांत बचत व मुदत ठेव हीच खाती असल्याने बिनव्याजी पर्याय बहुधा मिळत नाही. कित्येक घरांत वर्षअखेर व्याजाची रक्कम वेगळी काढून गरजूंना देतात, आणि ती किती हे मुलाकडूनच मोजून घेतात. आम्हीही तसेच करतो. प्राप्तिकराच्या दृष्टीने मुलाच्या ठेवीवरील व्याज आई-बापांपैकी ज्याचे उत्पन्न अधिक त्याच्या उत्पन्नात मिळविले जाते, हेही माहीत असावे.

एक शेवटची सूचना. खाते दोन वर्षे वापरले नाही तर ते निष्क्रिय ठरते व पुन्हा चालू करण्यास कागद द्यावे लागतात. आणि मूल अठरा वर्षांचे झाले की बँक नवी सही व नवे कागद मागते. पालकाच्या सहीचे खाते असेल तर पालकाचा अधिकार तेथे संपतो. कॉलेजप्रवेशाच्या धांदलीत नेमके हे काम अडते, म्हणून वाढदिवसानंतर लगोलग शाखेत जाऊन यावे. आमची थोरली आता सतरा पूर्ण करून अठराव्यात आहे. दहाव्या वर्षी बँकेत केलेली सही तिला आता स्वतःलाच जमत नाही, म्हणून दर वेळी दोनदा स्लिप भरावी लागते. नवी सही कोणती करावयाची, याचा सराव सध्या शाळेच्या वहीच्या मागल्या पानांवर चालू आहे.